बाळ निजवण्याची औषधं

मेरी कोल्टन वीस वर्षांची होती. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरात लेसवर सुईने नक्षी भरणं हे तिचं काम. जेवढी लेस भरून होईल तेवढेच पैसे हातात पडायचे. १८३९ च्या अखेरीस तिला बाळ झालं. लग्न झालेलं नव्हतं, पाठीशी कुणी नव्हतं आणि बाळ सांभाळायला बाई ठेवावी एवढी ऐपत नव्हती. बाळ आठवड्याचं झालं तेव्हा तिने त्याला ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं औषध द्यायला सुरुवात केली. अर्धा चमचा, दिवसातून दोनदा. बाळ निजायचं, सुई चालू राहायची. मग थेंबाथेंबाने मात्रा वाढत एका चमच्यावर गेली. चार महिन्यांत मूल इतकं रोडावलं की आजूबाजूच्या बायकांनी सल्ला दिला, याला आता लॉडनम दे, बाकीच्यांची मुलं त्यानेच सुधारली. लॉडनम म्हणजे दारूत उतरवलेला अफूचा अर्क. मेरीने तोही दिला.

हे सगळं तिने स्वतःच सांगितलेलं आहे. कामाला जुंपलेल्या मुलांची चौकशी करायला ब्रिटिश सरकारने एक आयोग नेमला होता. त्याच्या १८४३ साली छापलेल्या अहवालात तिची जबानी आहे. जबानीचा शेवट मला पाठ झालाय. ती म्हणते, कामाला असं चिकटून बसावं लागलं नसतं तर पोराला मी हे कधी दिलंच नसतं. सोडवायला पुष्कळदा बघितलं, पण जमत नाही. सोडवलं तर मलाच खायला मिळणार नाही.

मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी बाई. फार्मसी शिकले, लग्न होऊन लालबागला आले आणि तेव्हापासून याच भागात दुकान सांभाळते. जुन्या औषधांविषयी वाचायची मला पहिल्यापासून आवड. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत घराघरांत जी तयार औषधं विकली जायची, त्यांच्या जाहिराती, बाटल्यांवरची लेबलं, डब्यांवरची चित्रं हे जग फार रंगीत आहे. एकच गोळी पोटदुखीपासून उदासीपर्यंत सगळ्यावर चालायची. हे वाचताना माणूस सहज हसतो. पण या औषधांतला एक मोठा हिस्सा तान्ह्या मुलांसाठी होता, आणि त्यातली बहुतेक अफूवर चालत होती, हे कळलं की हसू मावळतं. मला बोलायचंय ते त्या बाटल्यांबद्दल.

गॉडफ्रेचं कॉर्डियल अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. हर्टफर्डशरमधल्या हन्सडन गावच्या टॉमस गॉडफ्रेच्या नावाने ते ओळखलं जाई. पण कृती कुणा एकाच्या ताब्यात राहिली नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत गावोगावचे औषधवाले आपापल्या दुकानात ते बनवत होते. साखरेचा काळा पाक, पाणी, वासाला ससाफ्रास नावाच्या झाडाची साल किंवा तेल, आणि अफू. अफू किती, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. एका दुकानातलं कॉर्डियल दुसऱ्यापेक्षा कितीतरी जहाल निघायचं. बाई रोजच्या दुकानाऐवजी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेली तर तोच चमचा, तीच चव, पण मुलाच्या पोटात जाणारी अफू वेगळी.

यात आणखी एक गोष्ट होती आणि ती माझ्या धंद्यातली आहे. बाटली बरेच दिवस उभी राहिली की अफूचा अंश तळाशी बसायचा. वरचे चमचे सौम्य, तळाचे जहाल. महिनाभर काही न होता औषध घेतलेलं मूल शेवटच्या दोन चमच्यांत दगावायचं, आणि आईला कळायचंही नाही की आजच असं काय झालं. आज आपल्या कितीतरी पातळ औषधांवर ‘वापरण्यापूर्वी चांगलं हलवा’ असं छापलेलं असतं. गिऱ्हाईक ते वाचत नाही. मी दर वेळी तोंडाने सांगते आणि बाटली हातात धरून हलवून दाखवते.

अफू तान्ह्या मुलाला मारते ती दोन वाटांनी. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत जातो आणि थांबतो. ही वाट निदान दिसते. दुसरी वाट हळू आहे. रोज थोडी थोडी अफू मिळणारं मूल झोपून राहतं, त्याला भूक लागत नाही, ते दूध मागत नाही, पोट साफ होत नाही. रडणं हीच तान्ह्या मुलाची मागण्याची पद्धत, आणि तीच बंद पाडलेली. मग ते वाळत जातं, अंगावरची कातडी सैल पडते, चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो. त्या काळच्या इंग्लिश डॉक्टरांनी अशा मुलांची वर्णनं लिहून ठेवली आहेत आणि ती वाचवत नाहीत. एडवर्ड ग्रीनहाऊ नावाच्या डॉक्टरने सरकारी पाहणीत नोंदवलं की सतत गुंगीत ठेवलेल्या मुलाची अन्नावरची वासना जाते आणि त्याचं पोषणच होत नाही. असं मूल गेलं की नोंद व्हायची ती अशक्तपणाची नाहीतर आकडीची. अफूचं नाव कागदावर यायचंच नाही. म्हणून अशी किती मुलं गेली याचा नेमका हिशेब कधी लागला नाही.

खप किती होता त्याचा मात्र अंदाज येतो. कॉव्हेंट्री शहरात आठवड्याला दहा गॅलन गॉडफ्रेज विकलं जात होतं, असं तेव्हाच्या नोंदी सांगतात. दहा गॅलन म्हणजे पंचेचाळीस लिटर. त्यातून १२,००० मात्रा होत, आणि त्या दोन वर्षांखालच्या साधारण ३,००० मुलांना दिल्या जात. एका शहरात, एका आठवड्यात.

देणारी दर वेळी आईच असायची असंही नाही. गिरणीत जाणाऱ्या बाया सकाळी पोर एखाद्या म्हातारीकडे सोडून जात. म्हातारीकडे अशी पाच-सहा मुलं. ती दमलेली, मुलं भुकेली, दूध जवळ नाही. मग बाटली निघायची. श्रीमंतांच्या घरातही दाया हेच करत होत्या, मालकिणीला न सांगता.

अहवाल लिहिणाऱ्या साहेबांना याचं कारण दिसलं ते आयांच्या अज्ञानात. बायका निष्काळजी आहेत, त्यांना मुलं वाढवता येत नाहीत, त्यांना शिकवलं पाहिजे. पानोपानी हाच सूर. मला याचा राग येतो. मेरी कोल्टनला आपण काय करतोय ते पुरतं कळत होतं. तिने सोडवायचा प्रयत्नही केला होता. तिच्याकडे नव्हता तो वेळ. त्या बाटलीतून ती दिवसाचे काही तास विकत घेत होती, कारण ते तास लेसच्या व्यापाऱ्याला विकल्याशिवाय तिची चूल पेटत नव्हती.

हे मी आपलं भावनेच्या भरात म्हणत नाहीये. याचा पुरावा इतिहासात पडलेला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेतल्या कापसाची जहाजं यायची थांबली. इंग्लंडातल्या लँकशायरच्या कापडगिरण्या बंद पडल्या. लाखो लोक बेकार झाले, अन्नछत्रांपुढे रांगा लागल्या. अशा उपासमारीत तान्ही मुलं पटापट मरायला हवी होती. सरकारने डॉ. एडवर्ड स्मिथ यांना तिकडे पाहणीला पाठवलं. त्यांना आढळलं ते उलटंच. या संकटाचा एक फायदा झालाय, असं त्यांनी कळवलं: आया घरी आहेत, त्यांना मुलांना अंगावर पाजायला सवड मिळते आहे आणि गॉडफ्रेची बाटली बाजूला पडली आहे. त्याच बाया आणि त्यांचं तेच ‘अज्ञान’. कुणी त्यांना शिकवायला गेलं नव्हतं. फक्त भोंगा वाजत नव्हता.

युद्धाच्या त्याच चार वर्षांत इकडे मुंबईत काय चाललं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेचा कापूस थांबला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजार उसळला, बॅकबेच्या भरावाच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ साली सगळं कोसळलं. लँकशायरमधल्या बायकांना ज्या युद्धाने घरी बसवलं, त्याच युद्धाने मुंबईत पैशाचा पूर आणला. पुढे इथे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या, आणि भोंग्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. तिकडे येतेच, पण आधी त्या बाटल्यांच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं.

इंग्लंडात १७८३ पासून तयार औषधांवर सरकारी कर होता. प्रत्येक बाटलीवर, डबीवर कराचं तिकीट चिकटवलेलं असे. एक शिलिंगाच्या, म्हणजे बारा पेनींच्या मालावर दीड पेनीचं तिकीट, म्हणून एक शिलिंग दीड पेनी ही विचित्र किंमत त्या काळच्या जाहिरातींत जागोजागी दिसते. सरकार फक्त कर वसूल करत होतं. आत काय आहे ते कुणी तपासत नव्हतं. पण बाटलीवर सरकारी शिक्का बघितल्यावर साध्या माणसाला वाटणारच की सरकारने पारखून दिलेलं औषध आहे. विकणारेही हा समज बिनदिक्कत वापरत. १८६८ साली कायदा झाला, अफू विषांच्या यादीत आली, ती विकायची तर नोंदणीकृत औषधविक्रेता हवा आणि लेबल हवं असं ठरलं. त्याने फरक पडला, तान्ह्या मुलांचे अफूने होणारे मृत्यू कमी झाले. पण कराचं तिकीट लावून विकली जाणारी पेटंट औषधं या कायद्यातून वगळली होती. म्हणजे बंधन आलं ते सुट्या अफूवर, आणि मोठ्या कारखानदाराची छापील लेबलाची बाटली मोकळीच राहिली.

पैसा मात्र अफाट होता. टॉमस हॉलोवेने १८३७ साली मलम काढलं, मग गोळ्या काढल्या. १८८३ साली तो वारला तेव्हा वर्षाला ५०,००० पौंड नुसत्या जाहिरातींवर खर्च करत होता. त्याच्याच पैशांतून उभं राहिलेलं बायकांचं कॉलेज १८८६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने उघडलं. बीचम या दुसऱ्या कारखानदाराच्या गोळ्यांचं ब्रीद होतं, ‘डबी एका गिनीच्या मोलाची’. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली या गुप्त औषधांचं पृथक्करण करून छापलं तेव्हा बीचमच्या गोळीत निघालं कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. डबी विकली जायची साडेतेरा पेनींना. शंभरपटीहून जास्त. या गोळ्यांनी जुलाब होण्यापलीकडे फारसं काही बिघडत नव्हतं, म्हणून मी त्यांच्यापाशी थांबत नाही.

अमेरिकेतलं ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ मात्र थांबायला लावतं. १८४९ साली मेन राज्यातल्या बँगर गावातून ते बाजारात आलं. मिसेस विन्स्लो या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या अनुभवी बाई, त्यांच्या जावयाने ते विकायला काढलं. जाहिरातीत प्रसन्न आई, गुटगुटीत मूल, दात येतानाच्या त्रासावर रामबाण. इंग्लंडातही ते घरोघरी पोचलं, इतकं की तरुण एल्गर या संगीतकाराने आपल्या एका संथ रचनेला या सिरपचंच नाव दिलं.

त्यात दर औंसाला साधारण ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन असायचं. बाटलीवर मात्रा लिहिलेली: महिन्याच्या आतल्या बाळाला सहा ते दहा थेंब, तीन महिन्यांच्या बाळाला अर्धा चमचा, सहा महिने आणि त्यापुढे एक चमचा, दिवसातून तीन-चार वेळा. मी दुकानात रात्री शटर ओढायच्या आधी याचा हिशेब मांडून बघितला. औंस म्हणजे तीस मिलिलिटरला जरा कमी, चमचा चार-पाच मिलिलिटरचा. म्हणजे एका चमच्यात साधारण नऊ ते अकरा मिलिग्रॅम मॉर्फिन. आज कॅन्सरच्या वेदना असलेल्या मोठ्या माणसाला तोंडाने मॉर्फिन सुरू करायचं तर डॉक्टर साधारण पाच ते दहा मिलिग्रॅमने सुरुवात करतात. ते द्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि एकेका गोळीची नोंद ठेवावी लागते. तेवढं मॉर्फिन सहा महिन्यांच्या मुलाला, एका वेळी, दिवसातून तीन-चारदा. आणि हे लेबलावर सांगितल्याप्रमाणे दिलं तर! आईने काही चूक केली नाही, सगळं वाचून, नीट मोजून दिलं, तर.

लेबलावर मॉर्फिन हा शब्द मात्र नव्हता. अमेरिकेत १९०६ साली अन्न आणि औषधांचा कायदा झाला आणि मॉर्फिन, अफू, कोकेन, दारू असल्या गोष्टी आत असतील तर लेबलावर छापणं भाग पडलं. कायद्याने बंदी घातली नव्हती, फक्त नाव लिहायला लावलं. पुढे काही वर्षांत सिरपमधलं मॉर्फिन गेलं. नाव वाचल्यावर आया ते घेईनात, याहून दुसरं कारण मला दिसत नाही. आयांना अडाणी म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं होतं.

आता मुंबई. इंग्रजी बाटल्या इथे साहेबांच्या सामानातून आल्या. ‘क्लोरोडाइन’ तर हिंदुस्थानातच जन्मलेलं. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने १८४८ साली इथल्या पटकीच्या रोग्यांसाठी ते बनवलं. अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांग. पण आपल्या सामान्य घरात अफू यायला अशा बाटलीची गरज नव्हती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, शहरातली कितीतरी मोठी घराणी त्यावर उभी राहिली होती. परवान्याच्या दुकानांतून सरकारच अफू विकवत होतं आणि त्याचं उत्पन्न तिजोरीत जमा होत होतं. तान्ह्या मुलाला चिमूटभर अफू चाटवायची चाल गिरण्यांच्या आधीपासून होती, खेड्यांतही होती. १८९३ साली अफूच्या चौकशीसाठी शाही आयोग आला तेव्हा त्याच्यापुढे हे सगळं मांडलं गेलं. आयोगाने १८९५ साली निष्कर्ष काढला की बंदीची गरज नाही.

मुलांसाठीच्या अफूच्या गोळ्यांना मुंबईत बाळागोळी म्हणत. इंग्रजी कागदपत्रांतही हाच शब्द तसाच उचललेला सापडतो.

माझी पणजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होती. सातारकडून नवऱ्यामागे आलेली. तिची मुलगी म्हणजे माझी आजी. आजी सांगायची की चाळीत खालच्या मजल्यावर एक म्हातारी होती, तिच्याकडे सगळ्या गिरणीवाल्या बायकांची पोरं. सकाळी पोर सोडताना बाई पदराच्या गाठीतून गोळी काढायची, तिळाएवढा तुकडा तोडायची, बोटावर दुधाच्या थेंबात विरघळवायची आणि ते बोट पोराच्या तोंडात. “आय सांजच्याला येस्तवर पोर जागचं हलायचं न्हाई,” आजी म्हणायची. तिला स्वतःलाही असंच वाढवलेलं. तिच्या पाठची दोन भावंडं राहिली नाहीत. कशाने गेली विचारलं तर म्हणायची, वाळली आणि गेली.

आजीच्या बोलण्यात आईवर राग कधी आला नाही. राग होता तो मुकादमावर, बाई उशिरा आली तर दारातून परत पाठवणाऱ्या.

बाळगुटी आणि ही गोळी लोक एका वाक्यात घेतात तेव्हा मला खटकतं. गुटीचं काम मी माझ्या सासूबाईंना करताना बघितलंय. सहाण स्वच्छ धुऊन उकळत्या पाण्याने शेकायची. वाटीत आईचं दूध. मग एकेक वस्तू उचलून उगाळायची: मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, बदाम, खारीक. प्रत्येकाचे वळसे ठरलेले. बदामाचे सात-आठ, सुंठेचा एखादा, जायफळाचा एकच आणि तोही हलक्या हाताने, कारण जास्त झालं की बाळ सुस्तावतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. पोट गच्च असेल तर मुरुडशेंग जास्त, सर्दी असेल तर सुंठ. रोज बाळाकडे बघून त्या दिवसाची गुटी ठरायची. औषधवाली म्हणून मला विचाराल तर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच देऊ नका, गुटीही नको. बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात आणि मी माझ्या मुलीलाही हेच सांगितलं. पण गुटीतलं एक मला फार मोलाचं वाटतं. ती द्यायची तर कुणीतरी अर्धा तास बाळाशेजारी बसलेलं असावं लागतं. त्याच्या अंगाला हात लावून, शी कशी झाली ते बघून, ओठ पुसून. पणजीला हे सगळं येत होतं. गावाकडून येताना गुटीच्या सामानाची पुरचुंडी तिने बरोबर आणली होती, ती आजीने जपून ठेवलेली. वापरायला बसणार कधी? १८९१ च्या कायद्याने बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला, हीच तेव्हा सुधारणा होती!

१९२० नंतर मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला एका डॉक्टर बाईंना नेमलं, डॉ. बार्न्स. त्यांनी चाळींत फिरून, बायकांशी बोलून जे लिहिलं त्यातला एक आकडा पुढे सगळीकडे उद्धृत झाला: गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. माझ्या आजीसारखी मुलं कुणा एका घरची दुर्दैवी गोष्ट नव्हती, अख्ख्या गिरणगावाचं बालपणच तसं होतं.

मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा, १९२८ च्या जुलैत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि तो भार सरकारनेही उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकांच्या बाजूने खर्चाचं रडगाणं होतंच. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला असा पहिला. बाळंतपणाच्या मागेपुढे काही आठवडे घरी राहूनही हातात थोडे पैसे येऊ लागले. पाळणाघरं हळूहळू निघाली. पुष्कळ बाया पहिल्यांदा तिथे मूल ठेवायला बिचकत, मूल तिथे रडेल, बाटेल, कुणाची दृष्ट लागेल म्हणून. पाळणाघरात पाठवायच्या आधीही काही जणी घरूनच गोळी चाटवून आणत. चाल अशी एका दिवसात सुटत नाही. सुटली ती एकेका घरात, आईला दुपारी मूल पाजायला जाऊ देणाऱ्या एकेका सुट्टीने.

नॉटिंगहॅमबद्दल एक सांगायचं राहिलं. मेरी कोल्टनच्या जबानीनंतर दहाएक वर्षांनी, १८५१ साली, त्याच शहरात विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने तान्ह्या मुलांसाठी एक नवं औषध काढलं. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात मुलांना येणाऱ्या तापावर डॉक्टर एक मिश्रण देत, त्यावरून त्याला हे सुचलं. बाळंतशेपाचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि थोडी दारू. १८७६ साली त्याने नाव नोंदवलं, ग्राइप वॉटर. आपल्याकडे वुडवर्ड्सची बाटली ज्या घरात कधी आली नाही असं घर सापडणं कठीण. दारू त्यातून पुढे गेली. ब्रिटनमध्ये १९९२ साली, आणि आज माझ्या कपाटात असलेल्या बाटलीवरही दारूविरहित असं छापलेलं आहे. त्याने पोटदुखी खरोखर किती थांबते यावर डॉक्टरांची मतं आजही वेगळी आहेत. पण त्या शहरात, त्या काळात, बाळासाठीच्या बाटलीत अफू घातली नाही, एवढ्यासाठी वुडवर्डबद्दल मला आदर वाटतो.

माझ्या दुकानात आजही बाया येतात. अफू कुणी मागत नाही. “मॅडम, बाळ रात्रभर झोपत नाही, ते सर्दीचं सिरप द्या ना, त्याने झोप लागते,” असं म्हणतात. कुणाला गावी जायला बारा तासांचा बसप्रवास असतो. कुणी दोन घरची धुणीभांडी करून तिसऱ्या घरी स्वयंपाकाला जाते आणि बाळ आठ वर्षांच्या बहिणीकडे असतं. झोप आणणारं सर्दीचं औषध एवढ्या लहान मुलाच्या श्वासावर येऊ शकतं, म्हणून मी ते चिठ्ठीशिवाय देत नाही, कुणी कितीही रागावलं तरी. पण नाही म्हणून झालं की मी विचारते, कामाला किती वाजता निघता, परत कधी येता, दूध कोण देतं. २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर आहे. समोर उभ्या असलेल्या बाईला यातलं काही लागू होत नाही. घरकामगारांना नाही, नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांना नाही, बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या आणि फडाच्या बांधावर पोर निजवणाऱ्यांना नाही.

आमच्या गल्लीत एक बालवाडी आहे, तिथल्या ताई तीन वर्षांखालची मुलंही दुपारपर्यंत ठेवून घेतात, पैशाचं नंतर बघू म्हणतात. त्यांचा फोन नंबर मी औषधाच्या पाकिटामागे लिहून देते. गेल्या पावसाळ्यापासून ताईंकडे जागा उरलेली नाही. आता वॉर्डातल्या नगरसेवकाकडे समाजमंदिराची एक खोली मागायचा अर्ज तयार केलाय, खाली सह्या गोळा करतेय. दुकानात आलात तर काउंटरवर कागद ठेवलेला आहे.